चौकशी जाहीर झाली, पुढे काय? काही निष्पन्न होणार की नाही हे आधी कशावरून ओळखायचं?

सायंवाचक (धागाकर्ता)

मोठ्या पदावरच्या माणसाचं किंवा बड्या संस्थेचं प्रकरण बाहेर आलं की ठरलेला क्रम दिसतो. दोन-तीन दिवस खुलासे, मग कुणाचा तरी राजीनामा, मग 'सखोल चौकशी'ची घोषणा आणि त्यानंतर शांतता. वर्षभराने कुणी विचारलं तर 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' नाहीतर 'अहवाल विचाराधीन आहे' एवढंच ऐकू येतं.

पण दरवेळी असं होत नाही. मलेशियात १एमडीबी या सरकारी गुंतवणूक निधीच्या घोटाळ्यात माजी पंतप्रधान नजीब रझाक २०२० साली दोषी ठरले आणि २०२२ मध्ये खरोखर तुरुंगात गेले. वॉटरगेट प्रकरणात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना १९७४ मध्ये पायउतार व्हावं लागलं. उलट तितकेच भक्कम पुरावे असूनही कित्येकांच्या केसालाही धक्का लागत नाही.

तर माझा प्रश्न असा. चौकशी जाहीर झाली त्याच आठवड्यात हातात फक्त आदेशाची प्रत, संस्थेचं प्रसिद्धीपत्रक आणि बातम्या असतात. यातून काही निघणार की नाही हे तेवढ्यावरून ताडता येतं का? 'धाडसी पत्रकार आणि निःस्पृह न्यायाधीश लाभले तर' हे उत्तर कृपया नको, कारण ते आधी कळत नाही.

कलमवाचक

आदेशावरून बरंच कळतं, फक्त तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला हवा. बातमीत अध्यक्षाचं नाव येतं आणि लोक त्या नावावर समाधान मानतात. खरं तर नावापेक्षा अधिकार पाहावेत. चौकशी कायद्याखाली नेमली आहे की नुसत्या प्रशासकीय आदेशाने? साक्षीदाराला समन्स काढता येतं का? साक्ष शपथेवर होणार का? खोटी साक्ष दिली तर शिक्षा आहे का?

या बाबी तांत्रिक वाटतात म्हणून सुटून जातात, पण सगळं प्रकरण त्यांच्यावर उलटू शकतं. हिल्सबरोचं उदाहरण घ्या. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या या फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्यातल्या मृतांचा अंतिम आकडा ९७. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवर ढकलला आणि चारच दिवसांनी 'द सन' या वृत्तपत्राने तोच आरोप पहिल्या पानावर 'द ट्रुथ' अशा मथळ्याखाली छापला. पुढे २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने सगळी दप्तरं उघडली. तेव्हा कळलं की हवालदारांच्या १६४ जबान्यांमध्ये मोठे फेरबदल झाले होते आणि त्यातल्या ११६ जबान्यांमधून पोलीस बंदोबस्तावर टीका करणारी वाक्यं काढून टाकलेली होती. मूळ कागद आणि बदललेला कागद शेजारी ठेवले की खोडलेली ओळ डोळ्यांनी दिसते. पुरावा यापेक्षा ठळक काय असणार?

तरीही मे २०२१ मध्ये जबान्या बदलल्याचा खटला कोसळला. दोन निवृत्त पोलीस अधिकारी आणि पोलीस दलाचे तेव्हाचे वकील सुटले. कारण असं की त्या जबान्या ज्या चौकशीपुढे गेल्या, ती लॉर्ड जस्टिस टेलर यांची १९८९ ची चौकशी न्यायालय नव्हती. न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा गुन्हा तिथे लागूच होत नाही, असं न्यायाधीशांनी ठरवलं. चौकशी कोणत्या चौकटीत बसवायची हे १९८९ मध्ये ठरलं आणि त्याची किंमत ३२ वर्षांनी मोजावी लागली, तीही मृतांच्या घरच्यांना.

वॉटरगेटमध्ये याच्या उलट घडलं. सिनेटच्या समितीला समन्सचा अधिकार होता आणि साक्ष शपथेवर होती. १६ जुलै १९७३ रोजी अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी त्या समितीपुढे सांगितलं की अध्यक्षांच्या कार्यालयातलं संभाषण आपोआप ध्वनिमुद्रित होतं. तोवर 'तो म्हणतो, हा म्हणतो' अशा अवस्थेत असलेलं प्रकरण त्या दिवसापासून एका वस्तूभोवती फिरू लागलं. वस्तू असली की ती मागता येते, ती देण्यासाठी न्यायालय भाग पाडू शकतं, आणि ती अर्धवट दिली तर तेही उघड होतं. एका फितीतली साडेअठरा मिनिटं पुसलेली निघाली, ते अशानेच जगाला कळलं.

म्हणून आदेशात मी सगळ्यात आधी पाहतो ते हे, की समितीला कागद आणि नोंदी ताब्यात घेता येतात की संस्थेने देईल तेवढ्यावर भागवावं लागणार. दुसरं उत्तर असेल तर अध्यक्ष कितीही मोठा असो, फार आशा नाही.

त्या खालोखाल कार्यकक्षा. 'अमुक तारखेच्या घटनेची चौकशी' आणि 'ही घटना घडू देणाऱ्या निर्णयांची चौकशी' यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात खालचा कर्मचारी सापडतो. दुसऱ्यात सही करणाऱ्यापर्यंत जाता येतं. कार्यकक्षेत वर्षं कुठून कुठपर्यंत धरली आहेत तेही बघा. बऱ्याचदा सुरुवातीची तारीख अशी निवडलेली असते की सध्याच्या वरिष्ठांचा काळ बाहेर राहतो.

दुसरीआवृत्ती

कलमवाचकांच्या मुद्द्याला जोडून माध्यमांबद्दल.

माध्यमं गप्प बसतात हा आरोप अर्धाच खरा आहे. पहिल्या आठवड्यात ती गरजेपेक्षा जास्त बोलतात. अडचण दुसऱ्या महिन्यापासून सुरू होते. नवा कागद आला नाही तर बातमी शिळी ठरते आणि नवा कागद कधी बाहेर सोडायचा हे बहुधा त्याच संस्थेच्या हातात असतं. म्हणून अहवाल सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी येतो, शेकडो पानांचा, विषयसूची नसलेला. बातमीदाराकडे दोन तास असतात. मग तो संस्थेनेच बनवून दिलेला दोन पानी सारांश वापरतो.

जिथे माध्यमांमुळे खरंच फरक पडला तिथे त्यांनी आपला कागदाचा स्रोत स्वतंत्र केला होता. अमेरिकेतल्या 'बॉस्टन ग्लोब' या वृत्तपत्राने २००१ मध्ये कॅथलिक चर्चच्या लैंगिक अत्याचार प्रकरणात आधी न्यायालयात धाव घेतली. मोहोरबंद दस्तऐवज खुले करा, अशी मागणी होती. आदेश मिळाला, जानेवारी २००२ मध्ये पहिली बातमी आली आणि त्या वर्षभरात सुमारे ६०० बातम्या झाल्या. बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल लॉ यांचा राजीनामा डिसेंबर २००२ मध्ये आला, म्हणजे पहिल्या बातमीनंतर तब्बल अकरा महिन्यांनी. पहिल्या पंधरवड्यातच वृत्तपत्राने विषय सोडला असता तर? आणि राजीनाम्याचं वजन किती, तेही इथेच कळतं. २००४ मध्ये त्यांना रोममधल्या एका प्रमुख बॅसिलिकाचं (मोठ्या मानाच्या चर्चचं) प्रमुखपद मिळालं. राजीनामा आला की तो कशाचा राजीनामा आहे हे विचारा: पदाचा, सदस्यत्वाचा, निवृत्तिवेतनाचा, की फक्त दालनाचा?

दुसरी खूण म्हणजे बातमी देणाऱ्यावर काय कारवाई होते. जर्मनीतल्या वायरकार्ड कंपनीचे हिशेब 'फायनान्शियल टाइम्स'चे डॅन मॅक्रम वर्षानुवर्षं तपासत होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये जर्मन बाजार नियामक बाफिनने कंपनीचे समभाग मंदीने विकण्यावर (भाव पडेल या अंदाजाने उसने घेऊन विकण्यावर) दोन महिने बंदी घातली आणि एप्रिलमध्ये चक्क पत्रकारांविरुद्धच फौजदारी तक्रार केली. जून २०२० मध्ये १.९ अब्ज युरो अस्तित्वातच नसल्याचं उघड झालं आणि आठवड्याभरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नियामक इतका चुकला कसा? देशाची मान उंचावणारी कंपनी म्हणून तिच्यावर विश्वास आधीच बसलेला होता आणि प्रश्न विचारणारा मात्र परका वाटत होता. ज्याची आधी चौकशी होते त्यावरून नियामकाचा कल कळतो.

पत्रकारांवरचे अब्रुनुकसानीचे दावे जिंकण्यासाठी असतातच असं नाही. माल्टाच्या पत्रकार डॅफ्ने कारुआना गालिझिया यांची ऑक्टोबर २०१७ मध्ये हत्या झाली तेव्हा त्यांच्यावर ४० हून जास्त दावे चालू होते आणि मृत्यूनंतर ते वारसांच्या अंगावर पडले. दावा हरला तरी चालतं, कारण समोरच्याचे पैसे आणि दिवस खर्ची पडलेले असतात. काही ठिकाणी असे दावे सुरुवातीलाच फेटाळण्याची तरतूद आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्यासाठी निर्देश काढला. तुमच्या न्यायव्यवस्थेत अशी तरतूद आहे का, हे बातमी वाचायच्या आधी माहीत असलेलं बरं, कारण त्यावर वृत्तपत्र किती स्पष्ट लिहू शकतं ते ठरतं.

मालकी हा मुद्दा खरा आहे, पण तो सरसकट लावू नये. थेरानोस या अमेरिकी रक्तचाचणी कंपनीत माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांचे सुमारे साडेबारा कोटी डॉलर गुंतले होते आणि ते बुडवणारी बातमी २०१५ मध्ये त्यांच्याच 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने छापली. याउलट डिसेंबर २०११ मध्ये बीबीसीच्या 'न्यूजनाइट'ने आपलाच प्रसिद्ध निवेदक जिमी सॅव्हिल याच्यावरच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांचा शोधवृत्तांत थांबवला आणि त्याच नाताळात त्याच बीबीसीवर सॅव्हिलच्या गौरवाचे कार्यक्रम दाखवले गेले. वर्षभराने विषय दुसऱ्या वाहिनीने, आयटीव्हीने, बाहेर काढला. मला वाटतं मालकाच्या फोनपेक्षा 'आपल्याच माणसावर कसं लिहायचं' हा संकोच जास्त बातम्या मारतो.

सायंवाचक

दोघांचे आभार, आदेश वाचायची पद्धत लक्षात आली. आता एक उपप्रश्न. कित्येकदा चौकशी होते, खटलाही होतो, कुणी काही दाबलेलं दिसत नाही, तरी शेवट मऊच होतो. इथे विशेषाधिकार नेमका कुठे काम करतो?

तडजोडपत्र

तीन जागी: कलम निवडताना, खर्च सोसताना आणि तडजोडीचा मसुदा लिहिताना.

कलम निवडणं. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोप असलेला अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टीन याच्या प्रकरणात फ्लोरिडात २००७ मध्ये संघीय सरकारी वकिलांनी खटला न भरण्याचा करार केला. २००८ मध्ये त्याने राज्याच्या कायद्याखालचे सौम्य आरोप कबूल केले, १८ महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले सुमारे १३ महिने भोगले आणि त्या काळातही दिवसा कार्यालयात जायची मुभा होती. पीडित मुलींना या कराराबद्दल सांगितलंच नव्हतं. ते कायद्याचं उल्लंघन होतं असं न्यायालयाने म्हटलं, पण फेब्रुवारी २०१९ मध्ये. मधल्या काळात 'मायामी हेराल्ड'ने त्याच जुन्या कागदांवरून नव्याने मांडणी केली होती. म्हणजे 'शिक्षा झाली' ही बातमी अपुरी असते. मूळ तक्रारीतली कलमं आणि कबूल केलेली कलमं शेजारी-शेजारी लिहा. फरक तिथे दिसेल.

थेरानोसच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना जानेवारी २०२२ मध्ये ज्युरीने चार आरोपांत दोषी धरलं. ते चारही गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचे होते. रुग्णांच्या फसवणुकीच्या आरोपांतून त्या सुटल्या. ज्युरीचा यात दोष काढता येणार नाही. गुंतवणूकदारांकडे ईमेल होते, सादरीकरणं होती, त्यांना दिलेल्या आश्वासनांची लेखी नोंद होती. रुग्णाच्या हातात फक्त चाचणीचा अहवाल. ज्याच्याकडे लेखी काही आहे त्याचाच तोटा सिद्ध होतो, आणि लेखी काही असणं हाच एक विशेषाधिकार आहे.

खर्च. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं होरायझन प्रकरण. हिशेबाच्या संगणकप्रणालीतल्या दोषांमुळे शाखांच्या खात्यांत खोटी तूट दिसायची आणि ती भरा, नाहीतर चोरीचा आरोप, असा प्रकार. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त लोक दोषी ठरले. त्यातले सुमारे ७०० खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले होते. पैसे गेल्याची तक्रार त्याची, तपास त्याचा आणि सरकारी वकिलाच्या जागीही तोच. ५५५ शाखाचालकांनी एकत्र दावा लावला आणि डिसेंबर २०१९ मध्ये ५ कोटी ७७.५ लाख पौंडांना तडजोड झाली. वकील आणि दाव्यासाठी पैसा पुरवणारे यांचं देणं फेडल्यावर सुमारे १ कोटी २० लाख उरले. भागाकार करा: माणशी एकवीस-बावीस हजार पौंड. काहींची घरं गेली होती, काही तुरुंगात जाऊन आले होते. दाव्याच्या मध्यावर निकाल विरोधात जाताच पोस्ट ऑफिसने न्यायाधीशांनीच बाजूला व्हावं असा अर्ज केला होता. तो फेटाळला गेला, पण अशा प्रत्येक अर्जाचा खर्च दुसऱ्या बाजूवरही पडतो.

तडजोडीचा मसुदा. गोपनीयतेच्या करारात रक्कम किती आहे ते लोक बघतात. बघायचं असतं ते काय काय बोलायला बंदी आहे. हॉलिवूडचे निर्माते हार्वी वाइनस्टीन यांच्या माजी सहायक झेल्डा पर्किन्स यांच्या १९९८ च्या करारात त्यांना स्वतःच्या कराराची प्रतही जवळ ठेवता येत नव्हती. आपण कशाला मान्यता दिली आहे हे पुन्हा वाचायचीही सोय नाही. जवळजवळ वीस वर्षं अशी गेली. करारावर सही करण्याआधी कुणी सल्ला विचारला तर निदान चार अपवाद लिहून घ्यायला सांगावं: पोलिसांकडे तक्रार, न्यायालयात साक्ष, डॉक्टर किंवा समुपदेशकाशी बोलणं आणि आपल्या वकिलाकडे कराराची प्रत.

मधलीओळ

वरचं सगळं पटलं, पण गोंगाटाला अगदीच कमी लेखू नये. होरायझनवर 'कॉम्प्युटर वीकली'ने २००९ मध्येच सात शाखाचालकांच्या हकिकती छापल्या होत्या. न्यायालयाचे निकाल २०१९ मध्ये आले आणि एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली. तरी शेकडो जण डोक्यावर गुन्हा घेऊन बसले होते. जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्हीवर या विषयावरची मालिका लागली, पोस्ट ऑफिसच्या माजी प्रमुख पॉला व्हेनेल्स यांनी २०१९ मध्ये मिळालेला सन्मान परत केला, आणि मे महिन्यात संसदेने सरसकट दोषमुक्तीचा कायदा केला. पंधरा वर्षांत कागदांनी जे केलं नाही ते एका मालिकेने पाच महिन्यांत केलं.

कलमवाचक

@मधलीओळ, मालिकेमुळे वेग आला हे खरंच. पण ती लागली तेव्हा न्यायालयाचे निष्कर्ष तयार होते, म्हणून संसदेला घाईत निर्णय घेता आला. हाच गोंगाट २००९ मध्ये झाला असता तर 'प्रणाली भक्कम आहे' एवढ्या खुलाशावर तो शमला असता, कारण उलट दाखवायला काहीच हाती नव्हतं. आणि मे २०२४ चा कायदा दोषमुक्त करतो, दोषी ठरवत नाही. भरपाई आणि फौजदारी जबाबदारी या दोन स्वतंत्र वाटा आहेत. लोकांचा राग पहिलीवर शांत होतो आणि दुसरी मागे पडते. ही गल्लत टाळायची तर दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या वहीत ठेवा.

दुसरीआवृत्ती

तारखांचा विषय निघाला म्हणून पाठपुराव्याची साधी पद्धत सांगते. प्रकरणागणिक एक तक्ता: कोणी काय कबूल केलं किंवा आश्वासन दिलं, कोणत्या शब्दांत, कोणत्या तारखेला, पूर्ततेची मुदत काय, आणि मुदतीच्या दिवशी काय झालं. शब्द जसेच्या तसे उतरवा, कारण ते हळूच बदलतात. पहिल्या दिवशी 'आरोप निराधार', दहाव्या दिवशी 'आमच्या माहितीनुसार निराधार', महिन्याने 'तेव्हा उपलब्ध असलेल्या माहितीनुसार'. संकेतस्थळावरचं पत्रक बदलून टाकतात, म्हणून पहिल्याच दिवशी पानाचं चित्र आणि वेळ जपून ठेवा.

प्रसिद्धीपत्रकातला कर्ताही शोधा. 'त्रुटी आढळून आल्या', 'योग्य ती खबरदारी घेतली गेली नाही', 'दुर्दैवी प्रकार घडला' या तिन्ही वाक्यांत काम करणारा माणूसच नाही. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढा आणि समासात 'कोणी?' असं लिहा. पत्रकार परिषदेत विचारायचे प्रश्न तिथेच तयार होतात.

सायंवाचक

शेवटचं. आदेशात कागद जतन करण्याचा उल्लेखच नसेल तर बाहेरच्या माणसाने काय करायचं?

तडजोडपत्र

तक्रारदाराने किंवा त्याच्या वकिलाने पहिल्याच दिवशी संस्थेला लेखी सूचना द्यावी आणि पोच घ्यावी. एक प्रत चौकशी समितीला आणि एक संस्थेच्या लेखापरीक्षकाला. 'सर्व संबंधित कागदपत्रे' एवढंच लिहू नये, त्यातून पळवाटा निघतात. प्रकार नावानिशी लिहा: ईमेल, फोनवरचे संदेश, प्रवेशद्वाराची नोंदवही, प्रणालीतल्या बदलांच्या नोंदी, आपोआप पुसण्याची व्यवस्था आजपासून बंद करण्याची मागणी, आणि राजीनामा दिलेल्या व्यक्तीचा कार्यालयीन संगणक व फोन दुसऱ्याला न देण्याची मागणी. हे शेवटचं फार लोक विसरतात. माणूस गेला की चार दिवसांत यंत्र कोरं करून नव्या माणसाला मिळतं.

इतिवृत्तं मात्र वेगळ्या ओळीत, ठळक. होरायझनमध्ये २०१३ साली प्रणालीतल्या दोषांवर दर आठवड्याला बैठक सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत तिची इतिवृत्तं नष्ट करा असा निरोप फिरला. पोस्ट ऑफिससाठी काम करणाऱ्या बाहेरच्या एका वकिलाने ते चुकीचं आहे असा लेखी सल्ला ऑगस्टमध्ये दिला, आणि तो सल्ला कागदावर होता म्हणूनच पुढे अपील न्यायालयापर्यंत पोचला. त्यामुळे सूचनेत 'अंतिम इतिवृत्त' असं लिहू नका. 'हस्तलिखित टिपणं आणि प्रत्येक मसुदा, दुरुस्त्यांसह' असं लिहा. हिल्सबरोत जे सापडलं ते पहिल्या मसुद्यांमुळेच.